उसना हात

ती खिडकी ज्यानं बांधली, त्याला एकदा खाणीवर आणून तिच्यासमोरच्या रांगेत उभं करायला हवं होतं. छातीच्याही वर, जवळजवळ खांद्याला येईल अशी. आत केबिनमध्ये सिस्टर बसायची, बाहेर उन्हात खाणीचे लोक. सिस्टर नाव पुकारायची, त्या नावाचा माणूस हात आत सारायचा. जाकिटाच्या बाहीवरूनच ती पट्टा गुंडाळायची, फुसफुस हवा भरायची, सोडायची आणि आकडा लिहायची. माणूस धापा टाकतोय का, त्याचे डोळे तांबारलेत का, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. खिडकीत एका वेळी एकच हात मावायचा आणि तिला तेवढाच पुरायचा.

वर्षभरापूर्वी क्रशरवर एक माणूस चालता चालता पडला आणि तिथंच गेला. तेव्हापासून कंपनीनं दर महिन्याला सगळ्यांचं प्रेशर मोजायचा नियम काढला. नियम ऐकायला चांगला होता. वरचा आकडा एकशे चाळीसच्या पुढं गेला की कार्डावर लाल शिक्का, आणि लाल शिक्क्याला काम नाही. गोळ्या कोण देणार, पुन्हा कधी मोजणार, उतरलं तर परत कामावर घेणार का, याबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. माणसानं मरू नये यापेक्षा त्यानं खाणीत मरू नये, एवढीच कंपनीला काळजी. मग लोकांनीही आपला नियम काढला. त्या नियमाचं नाव धाकटीचा हात.

धाकटी म्हणजे खाणीवरच्याच एका घरातली धाकटी सून. घरात दोघे भाऊ आणि दोघी जावा. थोरले ड्रिल चालवायचे, धाकटा डंपरवर होता, आणि जावा दोघी दगडाच्या पाट्या वाहायच्या. लागोपाठ दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. शेतात आता गवताची काडी उगवत नव्हती, त्यामुळं खाणीची चार कार्डं म्हणजेच घर. त्यातलं थोरल्यांचं कार्ड सगळ्यात वजनदार. दगडाची शीर कुठून कुठं गेलीय हे त्यांना नुसता हात फिरवून कळायचं. खाणीचे साहेबसुद्धा त्यांना विचारून सुरुंगाची भोकं आखायचे.

सुरुवातीच्या महिन्यात थोरल्यांचा आकडा एकशे अडुसष्ट आला आणि शिक्का बसला. महिनाभर ते घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. तालुक्याच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या त्यांनी आठवडाभर घेतल्या, मग बिनकामाच्या माणसाला गोळी कशाला म्हणून सोडल्या. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी थोरली जाऊ विहिरीवर धाकटीचा हात धरून म्हणाली, "एवढ्या खेपेला तुझा हात दे गं. तुझा आकडा चांगला येतो. तुझे उपकार जन्मात विसरणार नाही."

धाकटीचा आकडा खरंच चांगला यायचा. एकशे अठरा, नाहीतर एकशे वीस, पुढं मागं नाही. डोकं मात्र भलतंच तापट. रागाचा पारा चढला की ती कुणाचं ऐकायची नाही, आणि हाताचा पारा म्हणाल तर जागचा हलायचा नाही. यावरून तिचा नवरा तिला चिडवायचा, "तू भांडून मोकळी होतेस, म्हणून प्रेशर आमच्याकडं येतं." खाणीवर तिचं नावच पडलं, एकशेवीस.

थोरल्यांचं नाव यादीतून अजून काढलं नव्हतं. ते पुकारलं तेव्हा तिनं हात आत सारला. बाही करडी, पंजा दगडाच्या धुळीनं माखलेला. खाणीत सगळ्यांचे हात एकाच रंगाचे. आकडा आला एकशे अठरा, कार्डावर हिरवा शिक्का बसला आणि थोरले त्याच दुपारी ड्रिलवर गेले. मग काय, वाटीभर साखर उसनी मागावी तसा लोक तिचा हात मागायला लागले. क्रशरवाला आला, पाण्याच्या टँकरवरचा म्हातारा आला, सुरुंगवाल्याची बायको आली. चौथ्या महिन्यापर्यंत सहा जण झाले. तपासणीच्या दिवशी धाकटी सकाळपासून खिडकीच्या कडेला उभी राहायची आणि रांग तिच्या अंगावरून पुढं सरकायची.

आतल्या सिस्टरला हे कळत नव्हतं असं कुणी सांगितलं तर खुशाल हसावं. एकदा पाचव्यांदा हात आत गेला तेव्हा आतून आवाज आला, "बाई, जरा दम खा, हाताला वळ उठलेत." आणि मग तिनं निवांत आकडा लिहिला. दोनशे माणसं दुपारच्या आत संपवायची होती तिला. धाकटीनं ही गोष्ट सगळ्या खाणीला हसत हसत सांगितली. सहा घरांची चूल आपल्या दंडावर पेटते याचा तिला गर्व होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही.

असे आठ महिने गेले.

थोरल्यांचं डोकं सकाळी सकाळी ठणकायला लागलं. कपाळाला फडकं आवळून बांधून ते कामावर जायचे. चाळीस किलोचं ड्रिल पोटाशी धरायचं, पायाच्या अंगठ्यानं दांडा जागेवर बसवायचा आणि मग दिवसभर हाडन् हाड थरथरत ठेवायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी पाण्याचा पेला धरला तरी त्यांचे हात थरथरत राहायचे. एकदा जेवताना जाऊबाई हळूच म्हणाल्या, "त्या गोळ्या पुन्हा सुरू करता का?"

"कशाला?" थोरले म्हणाले. "आठ महिने एकशे अठरा आहे माझं. कार्डावर लिहिलंय."

धाकटीला वाटलं, गंमत करतायत. ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की आपण एकटीच हसतोय. थोरले खाली मान घालून जेवत होते आणि ते मनापासून बोलले होते. महिन्यामागून महिने स्वतःच्या नावापुढं तोच आकडा बघून त्यांना तो आपलाच वाटायला लागला होता. तिला त्यांचा राग आला आणि का आला ते नीट कळलं नाही, म्हणून तिनं तो भांड्यांवर काढला.

नवव्या महिन्यात खिडकीवाली सिस्टर बदलून गेली आणि नवी आली. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, वय पन्नाशीला टेकलेलं. तिनं आल्या आल्या खिडकीला आतून कडी घातली आणि दार उघडलं. आत टेबलाशी पाठीची खुर्ची मांडली. पिशवीतून दोन पट्टे काढले, एक रोडक्या हातासाठी आणि एक जाड हातासाठी.

"एकेक जण आत या. जाकीट काढा. बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर, पायावर पाय नको. आता पाच मिनिटं गप्प."

पाच मिनिटं. दोनशे माणसांची रांग उन्हात कुरकुरायला लागली. धाकटी पहिलीच आत गेली, ती भांडायच्या तयारीनंच.

"पाच मिनिटं बसून काय अंडी उबवायचीत?" ती म्हणाली. "बाहेर पाट्या पडल्यात. त्या काय तुम्ही उचलणार?"

"चालत आल्या आल्या मोजलं की आकडा चढतो," सिस्टर म्हणाली. "बोललं की चढतो, रागावलं की चढतो. तुमचा दोन्हीनं चढेल."

"आधीची सिस्टर खिडकीतून मोजायची. काही बिघडलं नाही कुणाचं."

"खिडकी उंच आहे. हात काळजाच्या वर उचलून धरला की आकडा आपोआप खाली उतरतो. आणि बाहीवरून पट्टा बांधला तर त्या आकड्याचा भरवसा कुणी धरायचा?" एवढं बोलून सिस्टरनं ओठांवर बोट ठेवलं.

धाकटी गप्प बसली, पण आतून नुसती धुमसत होती. पट्टा उघड्या दंडावर आवळला, सुटला. एकशे बावीस. रागातसुद्धा एकशे बावीस. तिला बरं वाटलं, पण दाराबाहेर थोरले उभे होते आणि लहान पोरानं आईकडं बघावं तसे तिच्या हाताकडं बघत होते.

थोरले आत गेले. सिस्टरनं उजव्या हाताला मोजलं, डाव्या हाताला मोजलं, थोडं थांबून पुन्हा उजव्याला मोजलं. मग ती उठून उभी राहिली. दार उघडंच होतं, रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. वरचा दोनशे दहा, खालचा एकशे चोवीस.

"डोकं दुखतं? दिसायला अंधुक होतं? छातीत भरून येतं? हातापायाला मुंग्या?"

"मला काही होत नाही," थोरले म्हणाले.

"तीच तर याची खोड आहे. काही न होता वाढत राहतं. तुम्ही वर जायचं नाही, गाडी बोलावते, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

गाडीचं नाव निघालं तसे साहेब आले. वरच्या टप्प्याला त्या आठवड्यात साठ भोकं पाडायची होती आणि तशी सरळ भोकं पाडणारा खाणीत एकच माणूस होता. साहेबांनी रजिस्टर मागवलं, बोट ठेवून एकेक महिना वाचला. एकशे अठरा. एकशे अठरा. एकशे वीस. एकशे अठरा.

"आठ महिने हा माणूस ठणठणीत," ते म्हणाले. "तुम्ही काल आलात आणि आज दोनशे दहा? सिस्टर, मशीन तपासून घ्या. तोवर बाकीच्यांची तपासणी बंद."

"तीनदा मोजलंय मी."

"तीनदा चुकलं असेल. कंपनीचं रजिस्टर खोटं आणि तुमचा फुगा खरा?"

थोरले खुर्चीतून उठले. आठ महिन्यांत त्यांचा चेहरा एवढा फुललेला धाकटीनं पाहिला नव्हता. "साहेबांचं बरोबर आहे," ते म्हणाले, जाकीट चढवलं आणि वर निघून गेले. रांगेतले लोक हसले. एकानं सिस्टरच्या चष्म्यावरून काहीतरी वावगं म्हटलं. सिस्टर रजिस्टर चाळत राहिली. सहा नावं, सहाही नावांपुढं एकाच माणसाचे वाटावेत असे आकडे. मग तिनं मान वर केली आणि सरळ धाकटीकडं बघितलं.

दुपारी नळावर तिनं धाकटीला गाठलं. "तो हात तुमचा होता ना?"

"कुठला हात?"

"मी कितीही ओरडले तरी माझं मशीन खोटं ठरणार. तुम्ही बोललात तर रजिस्टर खोटं ठरेल. डोक्यातली नस फुटायला वेळ लागत नाही, बाई. माणूस जातो, नाहीतर अर्धं अंग जातं."

"आणि आमची कार्डं?" धाकटीचा आवाज चढला. "तुम्ही गोळी द्याल. काम कोण देणार? तुमची खुर्ची?"

"ते माझ्या हातात नाही."

"मग ज्याच्या हातात आहे त्याला जाऊन सांगा. माझ्या दंडाला काय विचारता?"

बादली अर्धी भरली होती, ती तशीच उचलून ती निघाली. सगळ्या वाटेभर ती सिस्टरला शिव्या घालत होती. शहाणी आली मोठी. आठ महिने सगळं सुरळीत चाललं होतं आणि हिनं एका दिवसात विस्कटलं. पण घर येईपर्यंत तिच्या शिव्यांतला जोर गेला, आणि दोनशे दहा तेवढा डोक्यात घोळत राहिला.

घरी विषय तिनंच काढला. थोरले बाहेरच्या बाजेवर टेकले होते. नवरा पाय धूत होता.

"तो आकडा खरा असेल तर?" ती म्हणाली.

जाऊबाई चुलीपुढून उठल्याच नाहीत. "तू तोंड उघडायचं नाहीस. आठ महिने काही झालं नाही, आताच काय होतंय?"

"तुम्हीच गोळ्यांचं म्हणत होतात ना परवा?"

"म्हणत होते. मग ते काम गेल्यावर कसे भिंतीकडं तोंड करून पडले होते, ते आठवलं. तू नव्हतीस त्यांच्या उशाशी, मी होते. तुझ्यासारखं एकशेवीस घेऊन मिरवायला माझ्याकडं काही नाही." जाऊबाईंनी जाळ सारला. "आणि बाकीच्या पाच घरांनी काय करायचं? तू बोललीस की सगळेच गेले."

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये," नवरा म्हणाला. त्याच्याकडं म्हणी भरपूर होत्या, पाठीचा कणा तेवढा कमी होता.

बाहेरून थोरल्यांचा आवाज आला. लग्नाला आठ वर्षं झाली, पण ते धाकटीशी थेट बोलत नसत. "तिला सांग, माझं प्रेशर मला ठाऊक आहे. एकशे अठरा."

धाकटीनं हातातलं झाकण आदळलं. "जाऊबाई, दादांना सांगा, ते एकशे अठरा माझं आहे. त्यांचं किती आहे ते आज पहिल्यांदा कळलंय."

थोरले जेवायला आत आले नाहीत. जाऊबाईंनी त्यांचं ताट बाहेर नेऊन दिलं आणि परत येताना धाकटीकडं असं बघितलं की तिनं आपलं ताट बाजूला सारलं.

दोन दिवस ती पाट्या वाहत राहिली. पाटी भरायची, डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवायची, उतारानं खाली न्यायची, ओतायची, पुन्हा वर यायचं. प्रत्येक खेपेला वर पोचली की तिचे डोळे आधी थोरल्यांना शोधायचे. कपाळाला फडकं, पोटाशी ड्रिल, भोवती पांढरी धूळ. उभे आहेत. मग ती पाटी भरायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी टप्प्यावर खडूच्या फुल्या मारलेल्या होत्या, नवीन भोकांसाठी. त्यांच्याच शेजारी लाल रंगाचं एक कडं होतं. मागच्या वेळी न उडालेला सुरुंग त्या भोकात तसाच होता. खाणीत पोर जरी आलं तरी त्याला पहिल्यांदा हेच शिकवतात की लाल कड्याच्या जवळ जायचं नाही. थोरले आले, वाकले, पायाच्या अंगठ्यानं दांडा चाचपत बसवला, आणि तो बसवला लाल कड्याच्या आत.

धाकटी ओरडली. कॉम्प्रेसरच्या आवाजात तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही. डोक्यावरची पाटी तिनं टाकून दिली, दगड तिच्याच पायावर पडले, तशीच ती धावली आणि हवेच्या पाइपाचा खटका तिनं दोन्ही हातांनी खाली ओढला. ड्रिल थांबलं. सगळ्या टप्प्यावर एकदम शांत झालं.

"दादा, खाली बघा. लाल आहे."

थोरल्यांनी खाली बघितलं. बघतच राहिले. "कुठंय लाल?" ते म्हणाले. मग वाकून त्यांनी हातानं दगड चाचपला, कड्यावरून बोटं फिरली, तरी त्यांना ते दिसलं नाही. एक डोळा चोळत ते म्हणाले, "धूळ गेली जरा."

मुकादम आला, त्यानं थोरल्यांना खांद्याला धरून चार पावलं बाजूला केलं, नव्या फुलीवर उभं केलं आणि हसत म्हणाला, "उस्ताद, आज सगळ्यांना वर पाठवत होतात की." लोकही हसले. खटका पुन्हा वर गेला, ड्रिल पुन्हा सुरू झालं. धाकटीचा अंगठा ठेचून रक्त येत होतं. ती त्या हसणाऱ्या तोंडांकडं बघत राहिली. डोळ्यांनी न दिसणारा माणूस ड्रिल धरून उभा आहे आणि हे हसतायत. आणि त्याला तिथं उभं कुणी केलं? साहेबानं केलं, त्या आधीच्या सिस्टरनं केलं, जाऊबाईंनी केलं. सगळ्यात आधी माझ्या हातानं केलं. तिला स्वतःचा इतका संताप आला की तो दंड दगडावर ठेवून ठेचावासा वाटला.

पाटी तिथंच टाकून ती लंगडत खाली गेली, ती थेट ऑफिसात. साहेब चहा पीत होते. नवी सिस्टर महिन्याचे कागद घेऊन सहीसाठी उभी होती.

"रजिस्टर काढा," धाकटी म्हणाली.

"काय?"

"रजिस्टर काढा. माझ्या दिराच्या नावापुढं आठ महिने लिहिलंय तो हात माझा आहे. खिडकीतून मी हात घातला. त्यांचा एकदाही घातलेला नाही."

साहेबांनी कप खाली ठेवला. "बाई, काय बोलतेस कळतंय का? ही कंपनीची फसवणूक आहे."

"आहे. लिहून घ्या."

"आणखी कुणाकुणासाठी घातलास हात?"

"मी माझ्या घरचं सांगायला आलेय. बाकीच्यांना खुर्चीत बसवा, तुम्हालाच कळेल."

"खोटं बोलतेस तू. दिराचं काम काढून नवऱ्याला पुढं करायचं असेल. भाऊबंदकी आमच्या ऑफिसात आणू नकोस."

धाकटी पुढं सरकली आणि तिनं दोन्ही हात साहेबांच्या टेबलावर आपटले. चहा हिंदकळला. "तुमच्या त्या वरच्या टप्प्यावर आत्ता एका माणसाला लाल कडं दिसत नाहीय. जाऊन बघा. उन्हात दहा पावलं चालायला लागतील, तेवढी चाला."

सिस्टरनं कोरा कागद ओढला, उभ्या उभ्याच लिहिलं, तारीख आणि वेळ टाकली, वाचून दाखवलं आणि धाकटीपुढं सरकवला. धाकटीनं सही केली. दुसरी तिसरीत शिकलेली सही, तीही रागानं कागद फाटेल अशी.

"आता हे कागदावर आलंय, साहेब," सिस्टर म्हणाली. "माझे तीन आकडे आहेत, ही सही आहे. आता तो माणूस वर पडला तर तुमचं रजिस्टर तुम्हाला वाचवणार नाही."

तेव्हा कुठं साहेब उठले आणि दारात जाऊन ओरडले, त्याला खाली आणा. माणूस वाचावा म्हणून उतरवला नाही, कागदापायी उतरवला. पण उतरवला.

थोरल्यांना गाडीत घातलं तेव्हा ते सगळ्यांना सांगत होते, मला काही झालेलं नाही. दवाखान्यात चार दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आत रक्त उतरलंय, आणखी आठवडा गेला असता तर डोळ्यावर भागलं नसतं.

इकडं धाकटीचं कार्ड त्याच दिवशी फाडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या खाणीला खुर्चीत बसवलं आणि उसन्या हाताच्या सहांपैकी थोरले धरून पाच जणांना लाल शिक्का बसला. सिस्टर म्हणत होती, गोळ्यांनी आकडा ताब्यात आला की यांना हलक्या कामावर घ्या, मी लिहून देते. साहेब म्हणत होते, बघू. आठवड्यानंही ते बघूच म्हणत होते.

नळावर धाकटी गेली की बायका आपली भांडी तिच्या भांड्यापासून लांब सरकवायच्या. सुरुंगवाल्याची बायको, जिच्यासाठी तिनं पाच महिने हात दिला होता, ती तिच्या तोंडावर म्हणाली, "घरभेदी." धाकटीनं तिथंच तिच्या चौदा पिढ्या काढल्या, पण घरी येऊन दाराआड बसून रडली. नवऱ्याचं डंपरचं काम टिकलं होतं, तेवढ्यात तो समाधानी होता. जाऊबाईंनी चूल वेगळी केली. एकाच खोलीत दोन चुली, दोन धूर, मध्ये हातभर जागा, आणि त्या हातभर जागेतून कुणी मीठसुद्धा मागायचं नाही. धाकटी रोज सकाळी दोन गावं पालथी घालून मिळेल ते काम करायची. खाणीतली बाई म्हणून लोक तिला जड तेवढंच काम द्यायचे.

सिस्टर दर गुरुवारी घरी येऊन थोरल्यांचं प्रेशर मोजायची. तिसऱ्या गुरुवारी धाकटी घरातच होती. सिस्टरनं खुर्ची भिंतीला लावली, थोरले बसले, पाठ टेकवली, पाय जमिनीवर ठेवले. जाऊबाई चुलीजवळ खाली बघत बसल्या. धाकटी सिस्टरसाठी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी राहिली.

"हिला आधी बाहेर काढा," थोरले सिस्टरला म्हणाले. "हिनं माझं काम खाल्लं."

"आता बोलायचं नाही," सिस्टर म्हणाली. "पाच मिनिटं."

धाकटी बाहेर गेली नाही. पाच मिनिटं त्या खोलीत चार माणसं एकमेकांकडं न बघता होती. थोरल्यांचा जबडा आवळलेला होता. कानशिलावरची शीर उडत होती. खाणीकडून ड्रिलचा आवाज येत होता, कुणीतरी दुसरा चालवत होता, आणि त्याच्या प्रत्येक थांबण्यासरशी थोरल्यांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट व्हायची. जाऊबाई मुसमुसल्या आणि सिस्टरनं मान हलवून त्यांना गप्प केलं. पट्टा आवळला, हवा सुटली. सिस्टर मिनिटभर थांबली, पुन्हा आवळला, पुन्हा सुटली.

"एकशे शेहेचाळीस, खाली नव्वद," ती म्हणाली. "उतरतंय. आता बोला काय ते."

थोरल्यांनी मान वळवली. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी धाकटीच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"आकडा उतरला आणि ड्रिल दुसऱ्याच्या हातात गेलं," ते म्हणाले. "मरेपर्यंत तुला माफ करायचा नाही मी."

धाकटी दारातून पुढं आली.

"नका करू," ती म्हणाली. "मरेपर्यंत म्हणालात ना, मग पुष्कळ वर्षं रागवावं लागेल तुम्हाला. गोळी वेळेवर घ्या आणि रागवा."

आणि सिस्टरसाठी आणलेला पाण्याचा पेला तिनं त्यांच्यापुढं ठेवला, जरा जोरातच.